काचघरातलं शियाचं झाड

श्रूजबरीला पाहण्यासारखं काही नाही, हे अरुणकाकांनी मला फोनवरच सांगून टाकलं होतं. "एक तळं आहे, एक जुनं चर्च आहे आणि आम्ही दोघं आहोत. दोन दिवसांत बघून होतं," असं ते म्हणाले. मी चार दिवसांसाठी गेले होते, आणि त्यातलं तळं आणि चर्च राहूनच गेलं.

ही २००६ सालच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीची गोष्ट. मी तेव्हा जर्सी सिटीत राहून सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करत होते. अरुणकाका हे बाबांचे चुलतभाऊ. तीस वर्षं अमेरिकेतल्या या श्रूजबरी गावात डॉक्टरकी करून नुकतेच निवृत्त झालेले. शोभाकाकू महिन्याभरापूर्वी मागच्या दाराच्या पायऱ्यांवरून घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. बाबांचा नागपूरहून फोन आला, "जाऊन ये चार दिवस. परक्या ठिकाणी आपलं माणूस असावं घरात." मला लोकांच्या घरी राहायला जाणं कठीण वाटतं. कुठे बसावं, किती वेळ बसावं, काय बोलावं हे मला कधीच कळत नाही. पण बाबांना नाही म्हणणं त्याहून कठीण होतं.

बुधवार

न्यूयॉर्कहून बसनं श्रूजबरीशेजारच्या वूस्टरला पोचले तेव्हा चारच वाजले होते, तरी दिवस संपल्यात जमा होता. माझे हातमोजे बसमध्येच राहिले. काका स्टेशनवर उभे होते. गाडीत ते बोलत होते आणि मी "हो काका", "नाही काका" एवढंच म्हणत होते. पानं गळून गेलेल्या झाडांच्या मागे एकसारखी लाकडी घरं आणि प्रत्येक घरापुढे पानांनी भरलेल्या उंच कागदी पिशव्या. आमच्याकडे पानं झाडून पेटवून देतात, इथे ती पिशवीत भरून रस्त्याकडेला शिस्तीनं उभी करतात.

घरात शिरताच काकूंचा आवाज आला, "आली का आमची मुकी मैना?"

काकूंचा पलंग खालच्या मजल्यावर, दिवाणखान्यात आणून ठेवला होता. पलंगाशेजारी एक उंच, सावकाश हालचालींची बाई काकूंच्या पाठीशी उशी लावत होती. ती मेमुना. घानाच्या उत्तर भागातल्या एका खेड्यातली. वूस्टरमध्ये घानाचे बरेच लोक राहतात आणि त्यांच्यातल्या कित्येक बायका आजाऱ्यांची, म्हाताऱ्यांची सेवा करण्याचं काम करतात. मेमुना आठवड्यातून पाच दिवस यायची आणि काकूंना 'मा' म्हणायची. आम्हा सगळ्यांचं तिच्याशी बोलणं इंग्रजीतच व्हायचं. इथे ते मी मराठीत लिहिते आहे.

"ही मृणाल," काकूंनी तिला सांगितलं. "फार हुशार आहे. पण बोलते फक्त ई-मेलमध्ये."

मेमुना हसली नाही. माझ्या लाल झालेल्या हातांकडे बघून म्हणाली, "हातमोजे हरवले वाटतं." आणि तिनं माझे दोन्ही हात स्वतःच्या हातांत घेऊन क्षणभर चोळले. तिचे तळवे इतके मऊ होते की मला आश्चर्य वाटलं. मी हात काढून घेतले. जरा घाईनंच.

गुरुवार

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी मेमुनाला सुट्टी होती. काकूंच्या घरी या दिवशी टर्की नसते, अंडंही घरात येत नाही. पण सण मात्र कसोशीनं होतो: लाल भोपळ्याचं भरीत, मसालेभात आणि क्रॅनबेरीचं लोणचं. क्रॅनबेरी हे इथलं आंबट-तुरट लाल फळ आहे. काकूंनी पलंगावरून ओरडून ओरडून माझ्याकडून ते करून घेतलं. "मेथी तळलीस का? करपवू नकोस! हिंग वरच्या कप्प्यात! अगं, वरच्या!" लोणचं छान झालं. कैरीची आठवण येते, पण कैरी नव्हे हेही प्रत्येक घासाला कळतं.

दुपारी काकूंचा डोळा लागला. रिकामं बसण्यापेक्षा बरं म्हणून मी फ्रिज साफ करायला घेतला. खालच्या कप्प्यात, अगदी मागे, एक पांढरा प्लास्टिकचा डबा होता. त्यावर मेयोनीजचं अर्धवट फाटलेलं लेबल आणि झाकणाभोवती तीन-चार वेढे चिकटपट्टी. मेयोनीज म्हणजे अंडं. या घरात? मी सुरीनं पट्टी कापली आणि झाकण उघडलं.

आत मेयोनीज नव्हतं. फिकट पिवळसर रंगाचं घट्ट काहीतरी होतं, डबा काठोकाठ भरून. त्याला धुराचा आणि भाजलेल्या कशाचा तरी जड वास होता. वरून हातानं थापून सारखं केलेलं दिसत होतं. बोटांच्या चार ओळी स्पष्ट उमटल्या होत्या, अंगण सारवल्यावर उमटतात तशा. तीन लांब आणि एक अर्ध्यावरच थांबलेली.

तो वास मला कुठेतरी ओळखीचा वाटला. पण मी आठवत बसले नाही. आमच्यासारख्या घरात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात अशा वेळी एकच शब्द येतो, आणि तो आला की बाकीचा विचार बंद होतो.

"काय गं ते?" काका पाणी प्यायला आले होते.

"चरबी असावी, काका. मेमुनाची असेल."

काकांनी नाक जवळ आणलं आणि मागे घेतलं. "काकूला कळलं तर चार दिवस जेवणार नाही. टाक बाहेर. बोलू नकोस कुणाला."

मी डबा काळ्या पिशवीत टाकला, पिशवीला गाठ मारली. कप्पा ब्लीचनं दोनदा पुसला. संध्याकाळी काकांनी पिशव्या रस्त्याकडेला नेऊन ठेवल्या. कचऱ्याची गाडी एरवी गुरुवारी यायची. सुट्टीमुळे ती शुक्रवारी येणार होती.

शुक्रवार

मेमुना साडेसातला आली. कोट काढला, काकूंची चौकशी केली आणि स्वतःचा जेवणाचा डबा ठेवायला फ्रिज उघडला. ती वाकून बराच वेळ तशीच उभी राहिली.

"इथे माझा एक डबा होता," ती म्हणाली. "पांढरा. पट्टी लावलेला."

मी चहा गाळत होते. काका टेबलाशी पेपर वाचत होते. पेपर हलला नाही.

"काय हरवलं गं?" काकूंनी दिवाणखान्यातून विचारलं.

"डबा, मा. माझ्या आईनं केलेलं लोणी आहे त्यात. शियाचं."

शिया हे मला तोवर साबणाच्या वेष्टनावरचं एक नाव म्हणून माहीत होतं. मेमुना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि काकूंना सांगू लागली. आमच्याकडे शियाचं झाड असतं. त्याच्या बियांतून हे लोणी निघतं. आम्ही त्यात स्वयंपाक करतो, तान्ह्या मुलांना चोळतो. माझी आई या पावसाळ्यात गेली. आजारी पडायच्या आधी तिनं केलेलं हे शेवटचं. गेल्या आठवड्यात चुलतभाऊ घेऊन आला. माझ्या खोलीवर आम्ही चौघी राहतो, तिथे ते उरलं नसतं, म्हणून तुझ्या फ्रिजमध्ये ठेवलं. पुढच्या महिन्यात घरी आईसाठी दुवा मागतील, त्या दिवशी उघडणार होते.

"अगं मग मला सांगायचंस ना!" काकू म्हणाल्या. "मृणाल, बघ गं जरा. काल तूच आवरत होतीस ना?"

त्याच वेळी रस्त्याच्या कोपऱ्यावर कचऱ्याच्या गाडीचा आवाज आला. खिडकीतून मला ती दिसत होती. आमचं घर तिसरं. पहिल्या घरापुढे ती थांबली, पिशव्या उचलल्या, पुढे सरकली. मला फक्त दार उघडून धावायचं होतं. पन्नास पावलंही नव्हती. मी गाळणीकडे बघत राहिले. गाडी दुसऱ्या घरापुढे थांबली.

"मृणाल?"

"मी नाही पाहिला, काकू," मी म्हणाले.

गाडी आमच्या घरापुढे थांबली. मग पुढे गेली.

तो दिवस मी कसा काढला ते लिहिण्यासारखं नाही. मेमुनानं आपली सगळी कामं केली. काकूंना अंघोळ घातली, वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत चालवलं, तळपायांना व्हॅसलीन चोळलं. काकांनी एकदा मला जिन्यापाशी गाठून हळूच म्हटलं, "जाऊ दे. तिला काहीतरी घेऊन देऊ आपण. ते लोणी दुकानात मिळतं म्हणे."

"ते नाही मिळणार, काका," मी म्हणाले.

ते जिना चढता चढता थांबले. "नाही," ते म्हणाले. "ते नाही मिळणार."

साडेतीनला ती निघाली. मी घरातल्याच सपाता घालून तिच्या मागे बाहेर गेले. तिनं गाडी सुरू केली होती. मी काचेवर टकटक केली. शाळेत आम्हाला इंग्रजी बोलण्याची बक्षिसं मिळायची. ऑफिसातल्या मीटिंगांमध्ये माझं इंग्रजी कुठे अडत नाही. तिथे मला तीन शब्द जुळवायला किती वेळ लागला कोण जाणे.

"मी टाकलं ते."

"माहीत आहे," मेमुना म्हणाली. "कप्प्याला ब्लीचचा वास येत होता."

"मग तू का विचारलंस?"

"तुला सांगता यावं म्हणून."

मी चरबी, शाकाहार, काकू असं काही काही बोलू लागले. तिनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उद्या माझी सुट्टी आहे. मी झाड बघायला जाणार आहे. दहा वाजता तयार राहा."

मी कोणतं झाड हेसुद्धा विचारलं नाही.

आत आल्यावर मी काकूंना खरं सांगितलं. काकांचं नाव घेतलं नाही, पण ते स्वतःच पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "मीच म्हटलं टाक म्हणून." काकू आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या.

"इतके दिवस ती बाई मला पोटच्या पोरीसारखं न्हाऊ-माखू घालते आहे," त्या म्हणाल्या, "आणि तुम्हाला तिचा डबा विचारून उघडता आला नाही?" मग बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. जेवल्या नाहीत.

शनिवार

मेमुनाची गाडी जुनी होती. हीटर फक्त तिच्या बाजूनं चालत होता. पश्चिमेकडे तासाभराच्या अंतरावर एक कॉलेज आहे, त्याच्या काचघरात शियाचं एक झाड आहे. तिथल्या एका आजीबाईंकडे काम करत असताना तिला ते सापडलं होतं. आई गेल्यापासून ती दर महिन्याला जाते.

"तू घरी का नाही गेलीस?" मी विचारलं. "तेव्हा, पावसाळ्यात."

"माझे कागद अडकलेत. बाहेर गेले तर परत येता येईल की नाही, कोणी सांगत नाही. इथून पैसे पाठवले नाहीत तर तिकडे दोन बहिणींची शाळा बंद."

व्हिसाचं दुखणं मलाही माहीत होतं. जर्सी सिटीच्या आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी त्याच गोष्टीची वाट बघत असतं. पण माझी आई नागपूरला होती, दर रविवारी फोनवर "काय जेवलीस?" विचारत होती.

काचघरात शिरताच माझा चष्मा धुक्यानं भरला. बाहेर थंडीनं हात बधिर झालेले, आणि आत वैशाखाची दमट उष्णता. केळी, कॉफी, व्हॅनिला. प्रत्येकाच्या पायाशी पाटी. मेमुना कशाकडेही न बघता शेवटच्या खोलीपर्यंत गेली.

झाड माझ्या खांद्याइतकं होतं. एका लाकडी पिंपात लावलेलं. मी उगीचच काहीतरी प्रचंड अपेक्षिलं होतं.

"लहान आहे अजून," मेमुना म्हणाली. "कधी फुललेलं नाही. आमच्याकडे पंधरा-वीस वर्षं लागतात पहिलं फळ यायला. ते कोणी लावत नाही. आपलं आपण येतं. शेत करताना बाकीची झाडं तोडतात, याला हात लावत नाहीत. पावसाच्या सुरुवातीला फळं पडतात. आई आम्हाला उजाडायच्या आत उठवायची. टोपली डोक्यावर, हातात काठी. गवतात साप असतात."

मी पानं बघत होते. लांबट पानं, फांदीच्या टोकाला झुबक्यानं आलेली. एक पान पिंपात गळून पडलं होतं. मेमुनानं खालच्या फांदीवरचं एक वाळकं पान ओढलं, तिथे पांढरा चीक आला. आणि मला एकदम आठवलं.

मी सात-आठ वर्षांची असताना बाबांची बदली आरमोरीला झाली होती. गडचिरोलीच्या जंगलाचा तो भाग. नागपूरच्या इंग्रजी शाळेच्या होस्टेलवरून मी सुट्टीत तिथे जायचे. गावाबाहेर मोहाची झाडं होती. तीही कोणी लावत नाही आणि तोडत नाही. त्यांचीही पानं अशीच टोकाला झुबक्यानं येतात, त्यांनाही असाच चीक असतो. मोहाच्या बियांना तिथे टोरी म्हणतात. आमच्याकडे कामाला येणारी जनाबाई टोऱ्या वेचून त्यांचं तेल काढून आणायची. एकदा माझ्या फुटलेल्या टाचांना लावायला तिनं एका बाटलीत ते आणलं. मी नाक दाबून पळून गेले आणि शाळेत शिकवलेल्या इंग्रजीत म्हणाले की घाण वास येतो. तिला शब्द कळले नाहीत. नाक दाबलेलं कळलं. ती बाटली आईनं मागच्या दारी ठेवून दिली. नंतर ती दिसली नाही.

गुरुवारी डबा उघडला तेव्हा ओळखीचा वाटलेला वास तो होता. धूर आणि भाजलेली बी.

मी हे सगळं मेमुनाला सांगितलं. इतकं सलग मी अमेरिकेत कोणाशी बोलले नव्हते. ती मध्येच विचारायची: बिया कशा दिसतात? चकचकीत, तपकिरी. फुलं खातात? हो, आणि दारूही काढतात. त्यावर तिनं भुवया उंचावल्या. "म्हणजे हे झाड तुमच्याकडेही आहे."

"चुलतभाऊ असेल," मी म्हणाले.

"आणि तू दोन्ही वेळा नाक दाबलंस."

"हो."

ती थोडंसं हसली. मग हसू गेलं. पिंपाच्या कडेवर हात ठेवून ती उभी राहिली.

"मी तो डबा उघडला नव्हता," ती म्हणाली. "एकदाही नाही. तू उघडलास. सांग मला, कसं होतं?"

मला वाटलं होतं ती रागावेल. त्यासाठी मी सबंध रस्ताभर तयारी केली होती. याची तयारी केली नव्हती.

"आमच्या तुपाहून फिकट," मी म्हणाले. "पण पांढरं नाही. डबा काठोकाठ भरलेला. खाली कुठेही पोकळी नव्हती."

"ती दाबून भरायची. पुढे?"

"वास चुलीचा. घट्ट होतं. वर हात फिरवलेला होता."

"हात?"

"बोटांच्या ओळी होत्या."

मेमुना माझ्याकडे बघत राहिली. मला ते शब्दांत सांगता येईना. शेजारची काच धुक्यानं पांढरी झाली होती. मी डोळे मिटले, डबा आठवला, आणि काचेवर चार बोटं ठेवून वरून खाली ओढली. नंतर लक्षात आलं की चूक झाली. तळव्यानं शेवटची ओळ पुसली, काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि ती पुन्हा काढली, अर्ध्यावर थांबवून.

"अशा. तीन लांब. ही अर्धीच होती."

मेमुना काचेजवळ आली. त्या अर्ध्या ओळीवर तिनं आपली करंगळी ठेवली, काचेला अगदी न टेकवता.

"बिया फोडताना आईच्या या बोटावर दगड पडला होता," ती म्हणाली. "मी तेव्हा तिच्या पाठीवर बांधलेली होते. हे बोट पुन्हा सरळ झालंच नाही."

मग ती तिच्या भाषेत काहीतरी बोलू लागली. हळू, सावकाश. माझ्याशी नव्हे. मी दोन पावलं मागे सरकले.

मागे दार वाजलं. हिरवा डगला घातलेले एक गृहस्थ किल्ल्या घेऊन आत आले. सुट्टीमुळे आज काचघर दुपारीच बंद होणार आहे, आता निघावं लागेल, असं ते म्हणाले. मेमुनानं वळून पाहिलं नाही. काचेवरच्या ओळींच्या टोकांशी पाण्याचे थेंब जमू लागले होते.

मी त्यांच्या वाटेत जाऊन उभी राहिले.

"थांबा," मी म्हणाले. "तिला अजून वेळ हवा आहे."